गुरुवारची शाळा : प्रकल्प नोंदी, जून २०२४ ते मार्च २०२५

शाळा जिल्हा परिषदेची, वेल्ह्याच्या बाजूची. पहिली ते आठवी, पट चौऱ्याहत्तर. आमचं काम सहावी, सातवी, आठवीशी : एकतीस मुलं. आम्ही तिघं. मी भोसरीत क्वालिटीत आहे, म्हणजे दिवसभर व्हर्नियर आणि गेज घेऊन मोजमाप. दुसरा आमच्याच कंपनीतला डिझाइनवाला. तिसऱ्या आमच्या सोसायटीतल्या काकू, आयुष्यभर भूगोल शिकवून निवृत्त झालेल्या. आमची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते, म्हणून वार गुरुवार. वहीत मुलांची नावं लिहायची नाहीत असं ठरलंय, म्हणून टोपणनावं.

२० जून २०२४

पहिला दिवस. धायरीहून सकाळी सातला निघालो. चेलाडी फाट्याला चहा घेतला आणि साडेनऊला शाळेत पोचलो. ज्वालामुखी केला : मातीचा डोंगर, आत खायचा सोडा, वरून लाल रंग घातलेलं व्हिनेगर. मग फुगा आणि सुई, उलटा ग्लास आणि पुठ्ठा. टाळ्या काय, शिट्ट्या काय. बाई म्हणाल्या, "इतकी खूश पोरं पंधरा ऑगस्टलाच दिसतात."

निघताना पाचवीतला एक पळत आला. "जादूवाले काका, परत कधी येणार?"

परतीच्या वाटेवर गाडीत कोणीच फार बोललं नाही. काकूंनी नसरापूरच्या पुढे तोंड उघडलं. "सोडा का फसफसला, हे एकानं तरी विचारलं का?" नव्हतं विचारलं. आम्ही तरी कुठे विचारायला वेळ दिला होता!

२७ जून

शाळेत गेलो नाही. पुण्यातल्या आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेत मुलांसाठी मुक्तांगण विज्ञान शोधिका आहे, तिथे अर्धा दिवस घालवला. इमारतीचं नाव 'पुलस्त्य' आहे. तो सप्तर्षींतला एक तारा, आणि नावात पु.ल.ही आले. अरविंद गुप्तांनी इथे वर्षानुवर्षं काडेपेटी, सायकलच्या ट्यूबचा तुकडा, स्ट्रॉ असल्या वस्तूंतून खेळणी केली आणि मुलांकडून करून घेतली. 'करून घेतली' हे आमच्या डोक्यात बसलं. आम्ही ज्वालामुखी घरून तयार करून नेला होता. मुलांच्या वाट्याला फक्त बघणं आलं.

डिझाइनवाल्याचं म्हणणं, आता टेलिस्कोप न्यावा. काकूंचं म्हणणं, काहीच नेऊ नये. माझं म्हणणं असं की मला मोजण्यापलीकडे काही येत नाही, तर मोजायलाच शिकवू. आणि मोजायचं ते त्यांच्याच गावातलं. बराच वेळ वाद झाला, शेवटी तेच ठरलं. टेलिस्कोपचे पैसे वाचले.

४ जुलै

पर्जन्यमापक. दोन लिटरच्या कोल्ड्रिंकच्या बाटल्या सहा. वरचा निमुळता भाग कापायचा आणि उलटा करून नरसाळ्यासारखा बसवायचा. भिंती सरळ असल्यामुळे बाटलीत एक सेंटिमीटर पाणी म्हणजे दहा मिलिमीटर पाऊस, थेट पट्टीनं वाचायचा. घोळ तळाशी होता. तिथे बाटली फुलासारखी असते, पाकळ्या-पाकळ्यांची. तिथलं माप खोटं येणार.

हा घोळ मी आधीच सांगणार होतो, पण काकूंनी कोपर मारलं. दहा मिनिटं गेली. मग आठवीतली एक मुलगी (हिचं टोपणनाव पुढे 'हंडा' पडलं, कारण खाली येईल) म्हणाली, "खाली खडे घालू, आणि पाकळ्या बुडंस्तोवर पाणी भरू. रेघ तिथनं सुरू करू." आमच्या भाषेत याला झीरो सेट करणं म्हणतात. भोसरीत नवीन ट्रेनीला हे समजावण्यात माझे दोन दिवस जातात.

वाचनाची वेळ सकाळी साडेआठ. हवामान खातं त्याच वेळेला वाचतं हे सांगितल्यावर पोरांची मान ताठ झाली. पुण्यात शिवाजीनगरच्या त्या ऑफिसला अजून 'सिमला ऑफिस' म्हणतात, कारण १९२८ मध्ये ते शिमल्याहून तिथे आलं, हेही सांगितलं. त्यात मात्र कोणाला रस वाटला नाही.

११ जुलै

भातलावणी. एकतीसपैकी चौदा हजर. बाकीचे चिखलात आहेत. बाई म्हणाल्या, आवणी संपेपर्यंत हे असंच. चौदा जणांशी गप्पा मारून परत.

१८ जुलै

सहा बाटल्यांचे सहा तक्ते भिंतीवर. पाचांचे आकडे एकमेकांच्या आसपास : चाळीस, त्रेचाळीस, एकेचाळीस. सहावीतल्या एकाचे मात्र रोज शंभराच्या वर. वर्गानं त्याला खोटारडा ठरवून टाकलं होतं. बिचारा रडवेला झाला होता. माप मी बघितलं, वाचन बरोबर होतं.

"बाटली कुठे ठेवतोस?"

"घराच्या कडंला."

सगळी वरात त्याच्या घरी. बाटली पत्र्याच्या पागोळीखाली! अर्ध्या छपराचं पाणी तिच्यात पडत होतं. पोरं हसली आणि मलाही हसू आलं, पण एक गोष्ट सांगायलाच हवी होती : यानं आकडा बदलला नाही. सगळे नावं ठेवत असताना जे दिसलं तेच लिहीत राहिला. कंपनीत असा माणूस मिळायला मुश्कील. बाटली अंगणाच्या मध्यभागी आणली. याचं टोपणनाव 'पागोळी'.

२५ जुलै

गेलो नाही, जाणं शक्यच नव्हतं. रात्रभर कोसळतोय. खडकवासल्यातून पाणी सोडलंय, सिंहगड रोडला एकतानगरीत सोसायट्यांत पाणी शिरलंय, शाळांना सुट्टी जाहीर झालीय. दिवसभर ओळखीच्यांकडे पाणी, चादरी पोचवण्यात गेला.

१ ऑगस्ट

हा दिवस सविस्तर लिहून ठेवतो.

शाळा बंद होती तरी 'हंडा'नं शाळेतली बाटली सोडली नाही. घर जवळ आहे, गोणपाटाची खोळ डोक्यावर घेऊन रोज साडेआठला यायची. २५ तारखेच्या रकान्यात आकडा नव्हता. पेन्सिलनं लिहिलं होतं : "१८० च्या वर. बाटली भरून वाहत होती."

बाटलीची सरळ भिंत अठरा सेंटिमीटर. त्यापुढे मोजताच येत नाही. मोठी माणसंही अशा वेळी १८० लिहून मोकळी होतात. हिनं 'च्या वर' लिहिलं. मी ते पान मोबाइलवर टिपून घेतलं. सोमवारी आमच्या दोन इन्स्पेक्टरना दाखवणार आहे, ते काय म्हणायचं ते म्हणोत.

मग हवामान खात्याच्या पायऱ्या फळ्यावर लिहिल्या : २४ तासांत ६४.५ मिलिमीटरपासून पुढे मुसळधार, ११५.६ पासून अतिमुसळधार, २०४.४ च्या वर त्याहून वरची पायरी. "मग आपला कशात?" यावर अर्धा तास भांडण. निकाल : अतिमुसळधार तरी नक्की, त्याच्या वरचा असेलही, बाटली सांगू शकत नाही. पुढच्या वर्षी उंच बाटली हवी, असा ठराव झाला.

८ ऑगस्ट

शाळेचा पत्रा मोजला. टेपनं नव्हे, पोरांनी दोरीनं मोजला : बारा मीटर बाय सहा. बहात्तर चौरस मीटर. एका चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे बरोबर एक लिटर. हे पुस्तकात कुठेतरी असेलच, पण त्यांनी एक फरशी, एक बादली आणि पट्टी घेऊन पटवून घेतलं.

जुलैची त्यांची बेरीज ९१२ मिलिमीटर (२५ तारखेचे १८० च धरून). बहात्तर गुणिले नऊशे बारा. तिघांची तीन उत्तरं आली, चौथ्यांदा जमलं : ६५,६६४ लिटर. शाळेची टाकी हजार लिटरची. चौदा मिलिमीटर पावसात ती भरते आणि उरलेलं ओढ्याला जातं.

वर्ग गप्प झाला. मग ती मुलगी म्हणाली, "मग मार्चात आम्ही हंडा घेऊन खालच्या विहिरीवर कशाला जातो?"

आमच्या तिघांकडेही याचं उत्तर नव्हतं. बाईंकडे असेल, पण त्या खिडकीबाहेर बघत होत्या.

५ सप्टेंबर

मधले गुरुवार वाया गेले. १५ ऑगस्टला झेंडावंदन, मग माझा ओव्हरटाइम, मग पुलावर पाणी. आज शिक्षक दिन, आठवीची मुलं शिक्षक झालेली. 'पागोळी' सहावीत असूनही हट्टानं तिसरीला पर्जन्यमापक शिकवत होता. "पत्र्याखाली ठेवायची न्हाय!" हे तीनदा.

१७ ऑक्टोबर

आभाळ मोकळं. सावलीची काठी.

एक मीटरचा सरळ बांबू मैदानात रोवला. सरळ रोवला, असं मला वाटलं. सातवीतला एकजण लांबून डोळा बारीक करून म्हणाला, "सर, कलंडलाय." त्याचे वडील गवंडी. पळत घरी गेला आणि ओळंबा आणि गुण्या घेऊन आला. ओळंबा धरला तर खरंच बोटभर कललेला. वर तोच आम्हाला सांगतो की तीन फूट, चार फूट आणि तिरके पाच भरले की कोपरा काटकोनात. पायथागोरसचा धडा त्यांना पुढे यायचाय.

सूर्य डोक्यावर किती वाजता येतो? सगळे एका सुरात : बारा. मी म्हटलं, तपासू. सावली सगळ्यांत आखूड कधी होते ते नुसतं बघून कळत नाही, त्या वेळी ती हलल्यासारखीच वाटत नाही. त्यासाठी जुनी युक्ती आहे. सूर्यसिद्धान्तासारख्या जुन्या ज्योतिष ग्रंथांत शंकू, म्हणजे उभी काठी, रोवून दिशा काढायची पद्धत आहे, तीच : काठीभोवती वर्तुळ काढायचं, सकाळी सावलीचं टोक वर्तुळाला शिवतं ती वेळ घ्यायची, दुपारी परत शिवतं ती घ्यायची. दोन्हींच्या बरोबर मध्ये मध्यान्ह.

वेळेचं काम 'घड्याळ'कडे. आठवीतला मुलगा, मनगटावर आजोबांचं एचएमटी, चावीचं. मोबाइलशी मिळवून घेतलं. सकाळी १०:५२, दुपारी १:५०. मधल्या वेळात खिचडी. वेळांची बेरीज करून निम्मं करणं हे गणित दिसतं तितकं सोपं नाही, साठाचा हातचा भल्याभल्यांना फसवतो. आलं १२:२१. सर्वांत आखूड सावली साडेबावन्न सेंटिमीटर.

"घड्याळ बिघडलंय," पहिली प्रतिक्रिया. "बांबू हलला," दुसरी. मग काकूंनी फळ्यावर भारताचा नकाशा काढला. आपलं प्रमाणवेळेचं घड्याळ ८२.५ अंश पूर्व रेखांशावर लावलेलं, तिकडे मिर्झापूरच्या बाजूला. आपण ७३.६५ वर. पृथ्वी एक अंश फिरायला चार मिनिटं घेते. फरक पोरांनीच काढला : ३५ मिनिटांच्या आसपास. पूर्वी मुंबईची स्वतःची वेळ होती, आजच्या घड्याळाच्या ३९ मिनिटं मागे, हे ऐकून एकजण म्हणाला, "म्हणजे मुंबईवाले खरं बोलत व्हते."

पण ३५ मिनिटं म्हणजे १२:३५ यायला हवे होते, आलेत १२:२१. चौदा मिनिटं कुठे गेली? काकू काहीतरी सांगणार होत्या, या वेळी कोपर मी मारलं. खरं सांगायचं तर मला वाटलं, पोरांचं वाचन चुकलंय. पहिलाच दिवस, चालायचंच.

२१ नोव्हेंबर

काल मतदान. शाळेतच बूथ होतं, बाक अजून उलटेसुलटे, बाईंच्या बोटावर शाई. आज कामाचं नाव काढू नका म्हणाल्या. नाही काढलं.

२८ नोव्हेंबर

भात घरात आलंय. 'पागोळी'च्या ओसरीवर वर्ग भरला. त्याच्या आजीनं माळ्यावरनं जुनी मापं काढली. पायली, अधोली, शेर, मापटं, चिपटं. त्याखालची दोन, कोळवं आणि निळवं, घरात नाहीत, पण नावं आणि हिशोब आजीच्या तोंडावर : "दोन निळव्याचं कोळवं, दोन कोळव्याचं चिपटं, दोन चिपट्याचं मापटं, दोन मापट्याचा शेर, दोन शेराची अधोली, दोन अधोलीची पायली. सोळा पायलीचा मण, वीस मणाची खंडी. काय अवघड हाय त्यात?"

अवघड काहीच नाही, पण एकदम डोळ्यांसमोर चमकलं. सगळं दुपटीचं! निळव्यात मोजलं तर १, २, ४, ८, १६, ३२, ६४.

प्रश्न टाकला : प्रत्येक माप फक्त एकदाच वापरायचं. सदतीस निळवी तांदूळ कसे मोजाल? कागद नको, तांदूळ घ्या. दोन मापं नव्हती, तिथे चहाचा कप आणि त्याहून लहान वाटी ठरवून घेतली. अधोली, चिपटं, निळवं : बत्तीस, चार, एक. मग पन्नास. मग एकवीस. एकापासून त्रेसष्टपर्यंत कोणताही आकडा जमतो, आणि प्रत्येकाला एकच रस्ता असतो. हे 'एकच रस्ता' कुणी सांगितलं नव्हतं. गवंड्याचा पोरगा दुसरा रस्ता शोधायला हट्टानं बसला, नाही सापडला, आणि मग चिडून म्हणाला, "न्हाईच हाय!" गणितात याला सिद्धतेची सुरुवात म्हणत असावेत.

वापरलं तर एक, नाही तर शून्य, असं लिहिलं : सदतीस म्हणजे १००१०१. संगणक असंच लिहितो म्हटलं तर विश्वास बसेना. मग मणाची निळवी काढली : सोळा गुणिले चौसष्ट, एक हजार चोवीस. सातवीतला एक, ज्याच्या घरी नवा फोन आलाय, एकदम उठला. "सर, एक जीबीत १०२४ एमबी असत्यात!"

आजी म्हणाली, "फोनमध्ये पायली घातली व्हय रे?"

(घरी येऊन आईला विचारलं. तिच्या माहेरी, फलटणकडे, पायली वेगळी भरते म्हणाली. मापं गावागणिक बदलायची, दुपटीचा क्रम मात्र तिच्याही तोंडपाठ.)

१९ डिसेंबर

परत काठी. ११:०५ आणि २:००. मध्यान्ह १२:३२ आणि अर्धा. सावली एकोणनव्वद सेंटिमीटर, ऑक्टोबरपेक्षा छत्तीस-साडेछत्तीसनं लांब. सूर्य दक्षिणेला उतरलाय हे त्यांना पटकन समजलं. थंडीत ऊन ओसरीत आतपर्यंत येतं, हे त्यांना पाठच आहे.

पण वेळ? ऑक्टोबरात १२:२१, आता १२:३३ च्या घरात. बारा मिनिटांचा फरक. मी आल्यापावली एचएमटी तपासलं, बरोबर होतं. ओळंबा लावला, काठी सरळ. वर्तुळाचा खिळा हललेला नव्हता. 'घड्याळ'ला जरा चढ्या आवाजातच विचारलं, ऑक्टोबरात नीट बघितलं होतंस ना? तो काही बोलला नाही, नुसती मान हलवली. मग म्हणाला, "दर दोन-तीन आठवड्यांनी घेऊ का? तुम्ही नसलात तरी?"

घे म्हटलं. आवाज चढवल्याचं वाईट वाटलं, ते इथे लिहून ठेवतो.

२६ डिसेंबर

२२ ला रामानुजनचा जन्मदिवस, गणित दिन. पण आम्ही घेतले कापरेकर. नाशिकजवळ देवळालीला शाळामास्तर, शिक्षण आपल्या फर्ग्युसनमध्ये. त्यांचा आकडा ६१७४. चार अंकी कोणतीही संख्या घ्या, चारी अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमानं लावा, चढत्या क्रमानं लावा, वजा करा. आलेल्यावर परत तेच. ३५२४ चं : ५४३२ वजा २३४५, ३०८७. मग ८७३० वजा ०३७८, ८३५२. मग ८५३२ वजा २३५८, ६१७४. आणि मग तिथेच अडकतं. जास्तीत जास्त सात पायऱ्या. १९४९ साली त्यांनी हे मांडलं.

एकतीस पोरांनी तासाभरात हातच्याची किती वजाबाक्या केल्या, मोजल्या नाहीत. बाई म्हणाल्या, मी सांगितल्या असत्या तर पाचसुद्धा झाल्या नसत्या. 'हंडा' १११२ वर अडली : ०९९९ आलं, तिनं पुढचा शून्य सोडला, आणि सगळं शून्य झालं. शून्य परत बसवल्यावर पाचव्या पायरीला ६१७४.

एक गंमत मलाही ठाऊक नव्हती. वजाबाकी चुकली तरी बहुतेक वेळा गाडी ६१७४ ला येतेच, फक्त वळसा पडतो. म्हणजे शेवट बरोबर आला म्हणून मधलं बरोबर असं नाही! क्वालिटीवाल्याला हे झोंबणारच. मग चूक पकडायची कशी? फळ्यावरच्या बरोबर उत्तरांतल्या अंकांची बेरीज करायला सांगितली : ३०८७, अठरा. ८३५२, अठरा. ०९९९, सत्तावीस. नेहमी नवाच्या पटीत. का, ते आठवीतल्या दोघांना अर्धवट उमगलं : तेच अंक उलटसुलट केले की नवानं भागून उरणारी बाकी तीच राहते, वजा केल्यावर ती उडते. चुकीच्या बऱ्याच वजाबाक्या या चाळणीत अडकल्या.

जाता जाता : संख्या तोंडी सांगताना 'एकोणऐंशी' म्हटलं की आठवीतही चारपाच जण ८९ लिहितात. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात 'सत्तर नऊ' आलं तेव्हा मीही मराठी बुडाली म्हणून कुरकुरलो होतो. आता तेवढ्या जोरात कुरकुरणार नाही.

९ जानेवारी २०२५

'घड्याळ'ची वही. २ जानेवारीला त्यानं आणि गवंड्याच्या पोरानं मिळून घेतलं : १२:३९. आज माझ्यासमोर : ११:१२ आणि २:१२, मध्यान्ह १२:४२.

चूक अशी एका दिशेनं, इतक्या शिस्तीनं सरकत नाही. चुकतो तो माणूस कधी इकडे कधी तिकडे चुकतो. वीस वर्षं हेच काम केलंय, हे मला आधी कळायला हवं होतं. पोरांचं माप पहिल्या दिवसापासून बरोबर होतं. माझी समजूत चुकीची होती.

आता काकूंना बोलू दिलं. सूर्य एका मध्यान्हापासून दुसऱ्या मध्यान्हापर्यंत रोज नेमके चोवीस तास घेत नाही. पृथ्वीची कक्षा लंबगोल आहे, जानेवारीच्या सुरुवातीला ती सूर्याच्या सर्वांत जवळ असते आणि जोरात पळते. शिवाय आस कलती आहे. दोन्ही मिळून डिसेंबरच्या शेवटी हा मध्यान्ह ते मध्यान्ह दिवस साधारण अर्धा मिनिट लांबतो. आपलं घड्याळ सरासरीनं चालतं, सूर्य नाही. पोरांनी लगेच ताळा केला : १९ डिसेंबर ते ९ जानेवारी एकवीस दिवस, साडेनऊ मिनिटं, दिवसाला सत्तावीस सेकंद. काकूंचा चेहरा बघण्यासारखा झाला. चाळीस वर्षं शिकवलं, म्हणाल्या, बांबूवर आलेलं कधी बघितलं नव्हतं.

बाईंना यातून भलतंच उत्तर मिळालं. "म्हणून होय! दिवस मोठा व्हायला लागला तरी जानेवारीत पोरं अंधाराचं कारण सांगून उशिरा येतात." खरंच आहे. दिवस २१ डिसेंबरनंतर वाढतो, पण मध्यान्हच पुढे सरकत असल्यामुळे आपल्याकडे सूर्योदय जानेवारीच्या मध्यापर्यंत आणि पुढेही उशिराच होत जातो. संक्रांतीपासून दिवस तिळातिळानं वाढतो म्हणतात, तो सकाळी दिसत नाही, संध्याकाळी दिसतो. उशिरा येणाऱ्यांना आता शास्त्राचा आधार मिळाला. बाई माझ्याकडे रागानं बघत होत्या.

६ फेब्रुवारी

१२:४९. सावली साडेसदुसष्ट. काकूंनी भाकीत केलं : आता थांबेल आणि मागे फिरेल. पोरांनी पैज लावली, चिक्कीची.

२७ फेब्रुवारी

१२:४८. चिक्की काकूंनी जिंकली आणि सगळ्यांना वाटली.

२८ फेब्रुवारी

विज्ञान दिन, खोडदची रेडिओ दुर्बीण. मी रजा टाकली. परवानग्यांचे कागद बाईंनी जानेवारीपासून फिरवले होते. ती कथा वेगळी आहे आणि लिहायची नाही. पहाटे चारला निघालो. नारायणगावच्या पुढे उसातून पहिली तबकडी दिसली आणि गाडीत ओरडा. पंचेचाळीस मीटर व्यास, अशा तीस. चौदा मध्यभागी, सोळा तीन हातांवर पसरलेल्या, पंचवीस किलोमीटरपर्यंत. गोविंद स्वरूप यांनी उभ्या केलेल्या या जीएमआरटीच्या प्रदर्शनाला आज जत्रेसारखी गर्दी.

'पागोळी' तबकडीखाली उभा राहून म्हणाला, "भोकं हायेत की हिला!" तारांची जाळी. मग आभाळातून येणारं खाली गळत कसं नाही? मार्गदर्शक तरुणी काही बोलायच्या आत 'हंडा' म्हणाली, "चाळणी. गहू भोकापेक्षा मोठा असला की पडत न्हाय." रेडिओ लहरींची लांबी जाळीच्या भोकांपेक्षा पुष्कळ मोठी, म्हणून त्यांच्यासाठी ती भरीव ताटलीच. हलकी, आणि वारा आरपार जाणारी.

'घड्याळ' मात्र त्या मार्गदर्शक तरुणीशी वेगळंच बोलत होता. इथला रेखांश किती? ७४.०५. यानं तळहातावर पेननं वजा केलं, चारनं गुणलं. "मग इथं दुपार आमच्या आधी होते. दीड मिनिटानं. आमच्याकडं आज १२:४८." तिनं हे तुला कोणी सांगितलं असं विचारलं. "बांबूनं," तो म्हणाला. पुढे दोघं काय बोलले ते मला कळलं नाही, मी खिचडीच्या रांगेत पोरं मोजत होतो. एकतीस भरली.

६ मार्च

बांबूला कोणीतरी कपडे वाळत घालायची दोरी बांधली होती. सोडवली. १२:४७, आम्ही पोचायच्या आत घेतलेलं.

पाचवीतल्या त्या पोरानं पुन्हा ज्वालामुखीचं विचारलं. या वेळी सोडा आणि व्हिनेगर त्याच्याच हातात दिलं, चमचे मोजून लिही म्हटलं. दोन चमच्यांना किती फसफसतं, चारला किती. आठ चमच्यांना चारपेक्षा जास्त फसफसत नाही, व्हिनेगर संपतं, इथपर्यंत तो आलाय. कपडे खराब झाल्याबद्दल त्याच्या आईचं बोलणं मला खावं लागलं.

हातपंपाला आता पाणी ओढूनच येतं. 'हंडा'नं ग्रामपंचायतीला अर्ज केलाय : शाळेच्या पत्र्याला पन्हळ आणि मोठी टाकी. खाली हिशोब, ९१२ मिलिमीटर, बहात्तर चौरस मीटर, ६५,६६४ लिटर, आणि कंसात 'एक दिवस मोजता आला नाही'. अर्ज देऊन बारा दिवस झाले, उत्तर नाही. पुढच्या गुरुवारी ती विचारायला जाणार आहे. मी बरोबर येतो म्हटलं, तर म्हणाली, या, पण बाहेर थांबा.